इंटर्न घ्यायचे आहेत, पत्रात काय काय लिहावं?

मुद्रासखी
नमस्कार मंडळी. दादर पश्चिमेला आमचा छोटा डिझाइन स्टुडिओ आहे, मी धरून सात माणसं. पुस्तकांची मुखपृष्ठं, मसाल्या-लोणच्यांची लेबलं, प्रदर्शनांचे फलक, आणि जुलै उजाडला की दिवाळी अंकांची मांडणी. यंदा तीन अंक हातात आहेत आणि नेमकी तीन विद्यार्थ्यांनी इंटर्नशिपसाठी विचारणा केली आहे. एक मुलगी कमर्शियल आर्टच्या शेवटच्या वर्षाला, एक मुलगा मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला, आणि एक मुलगी नुकतीच एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, गेली आहे. तिला अठरा पूर्ण व्हायला ऑक्टोबर उजाडेल. तिघांची कामं पाहिली, हात चांगले आहेत.

आम्ही याआधी इंटर्न घेतलेले नाहीत. ओळखीचे एकजण म्हणाले, कॉलेजचं पत्र घे, प्रवासखर्च दे, विषय संपला. दुसऱ्यांनी त्यांच्या कंपनीचा सहा पानी इंग्रजी करार पाठवला. त्यात वर्षभराचा बाँड, मध्येच सोडल्यास पन्नास हजार रुपये दंड, आणि नंतर दोन वर्षं दुसऱ्या कुठल्याही स्टुडिओत काम करायचं नाही अशी अट. मला दोन्ही पटत नाही. मुलांना नीट शिकायला मिळावं, त्यांचे पैसे बुडू नयेत, आमच्या ग्राहकांची कामं बाहेर जाऊ नयेत, आणि उद्या कोणी विचारलं तर कागद चोख असावा, एवढंच हवंय.

तर प्रश्न असे: पैसे द्यावेच लागतात का, किती द्यावेत? करार करावा की साधं पत्र पुरतं? सतरा वर्षांच्या मुलीचं काय करायचं? आणि त्यांनी काढलेल्या चित्रांवर हक्क कोणाचा?

वकील_फोर्ट
मुद्रासखी, धागा काढलात हे बरं केलंत. बहुतेक मंडळी भांडण झाल्यावर विचारायला येतात.

मूळ मुद्दा असा की आपल्या कामगार कायद्यांत इंटर्न नावाची वेगळी वर्गवारी नाही. कायदा ओळखतो तो शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खालचा उमेदवार, म्हणजे ज्याला आपण अप्रेंटिस म्हणतो. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, ४ ते २९ असतील तर ते ऐच्छिक आहे. तुम्ही ऐच्छिक गटात येता. या उमेदवाराचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. २०१९ च्या नियमांनी त्याचं किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवलं. कलम १८ म्हणतं की तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. कलम २२ प्रमाणे मुदत संपल्यावर त्याला नोकरीत घेण्याबाबतचं धोरण मालक स्वतः ठरवतो, करारात तशी अट नसेल तर नोकरी देण्याचं बंधन येत नाही.

आता खरी मेख. जो इंटर्न या कायद्याखाली नोंदवलेला नाही, त्याच्या बाबतीत मालकाला हे संरक्षण मिळत नाही. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातही शिकणाऱ्यांपैकी कर्मचाऱ्याच्या व्याख्येतून वगळलाय तो फक्त १९६१ च्या कायद्याखालचा अप्रेंटिस. त्यामुळे पत्रावर ठसठशीत 'इंटर्न' लिहिलंत आणि प्रत्यक्षात सकाळी दहा ते रात्री आठ बिलात लावायचं काम करून घेतलंत, तर तो पगारी माणूसच होता असा दावा उद्या उभा राहू शकतो. न्यायालय कागदावरच्या नावापाशी थांबत नाही, रोज काय चालायचं ते बघतं. कामाच्या वेळा कोण ठरवत होतं, शिकवणारं कोणी होतं का, ती मुलं नसती तर ते काम करायला पगारी माणूस ठेवावा लागला असता का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःला आधी द्या. तीन अंक आणि तीन इंटर्न हा हिशोब मला जरा खटकला, म्हणून स्पष्ट विचारते. तुम्हाला शिकाऊ मुलं हवी आहेत की दिवाळीपर्यंत हात हवे आहेत?

एचआर_अंधेरी
वकीलताईंना अनुमोदन. मी एका मध्यम आयटी कंपनीत हेच काम करते, त्यातून दोन-तीन गोष्टी सांगते.

सरकारी योजनांतून इंटर्न मिळतील का, असं कोणीतरी सुचवेलच. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. बारावी पासला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये सरकार थेट खात्यात देतं. पण शिक्षण चालू असलेले उमेदवार तिच्यात बसत नाहीत. केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना मोठ्या कंपन्यांपुरती आहे. तुमच्या तिघांसाठी दोन्ही दारं बंद आहेत, त्यात वेळ घालवू नका. अप्रेंटिसचा मार्गही जमणार नाही, कारण तिथे किमान सहा महिने लागतात आणि तुमचा हंगाम ऑक्टोबरात संपतो.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुम्ही सात जण अधिक तीन इंटर्न म्हणजे दहा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, म्हणजे पॉश, कर्मचाऱ्याच्या व्याख्येत प्रशिक्षणार्थी, अप्रेंटिस, अगदी बिनपगारी काम करणाऱ्यालाही धरतो. दहा माणसं झाली की अंतर्गत समिती बसवावी लागते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा. समिती नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. छोट्या ऑफिसांत ही बेरीज कोणी करतच नाही. आपली माणसं मोजतात आणि इंटर्न मोजायचे राहतात.

मुद्रासखी
दहाची बेरीज माझ्या डोक्यात आलीच नसती. आमच्याकडे चार बायका आहेत, समिती करता येईल. बाहेरचा सदस्य कुठून आणायचा?

एचआर_अंधेरी
महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली व्यक्ती चालते. त्यांना बैठकीचं मानधन द्यावं लागतं. इंटर्न गेल्यावर तुम्ही पुन्हा सात झालात तरी समिती मोडू नका. दहाच्या खाली असताना तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. दादर मुंबई शहर जिल्ह्यात येतं, अंधेरीसारखं उपनगर जिल्ह्यात नाही, तेव्हा मुलींना योग्य जिल्ह्याचा पत्ता द्या. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने असते. पत्रासोबत हे अर्ध्या पानावर मराठीत लिहून द्या.

वकील_फोर्ट
त्यात भर. सतरा वर्षांच्या मुलीला पॉक्सो, २०१२, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, सुद्धा लागू आहे. तिच्याबाबत असं काही घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कळणाऱ्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. तिथे 'आपसात मिटवू' हा पर्यायच नसतो. स्टुडिओतल्या सगळ्यांना हे आधीच सांगा.

ठाकुर्लीकर
मी टीवाय मास मीडियाला आहे. गेल्या वर्षी एका एजन्सीत इंटर्नशिप केली, नाव घेत नाही. विद्यार्थ्यांच्या बाजूने सांगते.

मुलाखतीत सांगितलं होतं की कॅम्पेन कसं बनतं ते शिकायला मिळेल. पहिल्या दिवशी एका ज्वेलरी दुकानाच्या सोशल मीडियाचं टेम्प्लेट हातात दिलं आणि शेवटच्या दिवसापर्यंत तेच. तारीख बदला, भाव बदला, अक्षय तृतीयेच्या शुभेच्छा टाका. कॅम्पेनच्या मीटिंगला एकदाही बसवलं नाही. संध्याकाळी सहाला निघते म्हटलं की 'आज क्लायंट अडलाय' हे ठरलेलं. दादरहून ठाकुर्लीची गाडी रात्री साडेनऊची पकडली तर घरी पोचायला किती वाजतात ते मध्य रेल्वेवाल्यांना सांगायला नको. स्टायपेंड 'कामगिरीनुसार' होता. कामगिरी कोण मोजणार, कशी मोजणार, याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नव्हतं, आणि अखेर तो मिळालाच नाही. वर सर्टिफिकेट अडवून ठेवलं, की आणखी महिनाभर ये मग देतो. तोवर कॉलेजची जमा करायची तारीख उलटून गेली होती.

मुद्रासखीताई, तुम्ही विचारताय म्हणून मनापासून सांगते. पत्रात तीन गोष्टी नक्की लिहा: घरी सोडायची वेळ, पैसे कोणत्या तारखेला येणार, आणि सर्टिफिकेट कधी देणार. बाकी कायदा नंतर. आणि मूळ मार्कशीट किंवा आधार ठेवून घेऊ नका. माझ्या मैत्रिणीची दहावीची मार्कशीट एका ठिकाणी 'सुरक्षेसाठी' ठेवून घेतली होती, ती परत मिळवायला तिच्या वडिलांना चकरा माराव्या लागल्या.

प्राध्यापिका_माटुंगा
ठाकुर्लीकर, तुझ्या कॉलेजच्या समन्वयकांना हे लेखी कळव. आमच्याकडे असं आलं की आम्ही त्या ठिकाणी पुढच्या वर्षी मुलं पाठवत नाही.

मी आमच्या कॉलेजात ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) आणि इंटर्नशिपचं काम पाहते. नव्या शैक्षणिक धोरणाने इंटर्नशिपला क्रेडिट आले. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात इंटर्नशिपच्या एका क्रेडिटला किमान ३० तास धरतात, म्हणजे चार क्रेडिटांना १२० तास. म्हणून मुद्रासखी, आधी प्रत्येकाला विचारा की ही इंटर्नशिप क्रेडिटसाठी आहे की स्वतःच्या हौसेने. क्रेडिटसाठी असेल तर कॉलेज तुमच्याकडून तासांची नोंदवही, मार्गदर्शकाचं नाव आणि शेवटी मूल्यमापन मागेल. हौसेने असेल तर कॉलेजचा संबंध नाही, सगळी जबाबदारी तुमच्या पत्रावर येते.

वेळेचं सांगते. सहामाही परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास येतात आणि तुमच्या दिवाळी अंकांची छपाईची धावपळही त्याच सुमारास. मुलं 'करतो मॅडम' म्हणतील आणि दोन्हीकडे आपटतील. परीक्षेआधीच्या पंधरवड्यात काम नाही, हे तुम्हीच लिहून टाका. मुलं स्वतः मागायला लाजतात.

मुद्रासखी
सगळ्यांचे आभार. वकीलताईंनी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देते: दोन्ही हवं आहे. शिकवायची मला मनापासून आवड आहे, पण तीन अंक म्हणजे साधारण साडेसहाशे पानं, आणि आम्ही सात जणांतले चौघं बाकीच्या कामात. मुलांनी पानं लावली तर मदत होईल असं मनात आहेच. पूर्ण वेळ शिकवत बसले तर अंक कोण काढणार?

जुना_खिळा
मुद्रासखी, मी लालबागला छापखान्यात होतो, खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवण्यापासून ते संगणकावरून थेट निघणाऱ्या सीटीपी प्लेटपर्यंत सगळं हातून गेलं. कायद्यातलं मला कळत नाही, शिकवण्यातलं सांगतो.

नवशिक्याला साडेसहाशे पानांवर बसवलंत तर अंकही बिघडतो आणि पोरगंही. त्यापेक्षा त्याला एक फर्मा द्या, सोळा पानं, आणि ती सोळा पानं लेखकाच्या फाइलपासून प्लेटपर्यंत त्याच्या हातून जाऊ द्या. कथा आली श्री-लिपीत, म्हणजे युनिकोडआधीच्या जुन्या फाँटमध्ये. युनिकोडमध्ये बदलली की 'दऱ्या', 'पुऱ्या', 'सुऱ्या' हमखास तुटतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो. त्याला मूळ प्रत आणि बदललेली प्रत शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडायला लावा. मग परिच्छेदाची शैली बांधायला शिकवा, हाताने जागा मारायची नाही. मग चित्र. मग शेवटी काळा रंग. मजकूर चारही रंगांच्या काळ्यात राहिला तर छापताना प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षराला लाल-निळी कड दिसते. मजकुराचा काळा फक्त काळ्याच शाईचा हवा. हे तोंडी सांगून डोक्यात राहत नाही. एक प्रूफ मुद्दाम चुकीचं काढून भिंगाखाली दाखवा, जन्मात विसरणार नाही.

असा एक फर्मा ज्याने पूर्ण केला त्याला पुढच्या वर्षी कुठेही काम मिळेल. उरलेल्या पानांसाठी पानाच्या दराने काम करणारे ऑपरेटर मुंबईत अजून आहेत. हंगामापुरता एक धरा आणि त्याला रोख हिशोबाने पैसे द्या. पोरांच्या खांद्यावर अंकाची मुदत टाकू नका. मुदत चुकली तर शिव्या कोणाला बसायच्या ते आधी ठरवा, त्या पोराला बसता कामा नये.

वकील_फोर्ट
जुना_खिळा काका, तुम्ही कायदा कळत नाही म्हणता, पण शिकाऊ आणि कामगार यांतला फरक याहून स्वच्छ मी कोर्टात सांगू शकले नसते. मुद्रासखी, तो सोळा पानांचा क्रम जसाच्या तसा पत्राला जोडा. प्रशिक्षणाची लेखी रूपरेषा हा तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा असतो.

आता सहा पानी कराराकडे. बाँड आणि दंड काढून टाका. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ खाली करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देतं. कोणी म्हणेल, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं सेवेची अट आणि २ लाखांची भरपाई मान्य केली ना? केली. पण तिथे पूर्ण पगाराचा अधिकारी होता आणि सार्वजनिक बँकेला पुन्हा भरतीची प्रक्रिया करण्याचा खर्च होता. नुसतं विद्यावेतन घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तुम्ही कोणतं नुकसान दाखवणार? दोन वर्षं दुसरीकडे काम करायचं नाही ही अट तर कलम २७ खाली निरर्थकच आहे, धंदा-व्यवसायाला आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. गोपनीयतेची अट मात्र ठेवा, ती योग्य आहे. कोणत्या गोष्टी गोपनीय ते नेमकं लिहा: प्रसिद्ध न झालेली मुखपृष्ठं, ग्राहकांचे दर, लेखकांचे पत्ते-फोन. 'सर्व माहिती' असं लिहिलं की ते मोघम होतं.

स्वामित्वहक्काबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण डिझाइनच्या धंद्यात भांडणं इथेच होतात. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीच्या किंवा अप्रेंटिसशिपच्या करारात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, मालक असतो. तुमचे इंटर्न ना नोकर ना नोंदणीकृत अप्रेंटिस. म्हणजे गृहीत धरू नका, लिहून घ्या. हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. कलम १९ चं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा: मुदत लिहिली नाही तर हस्तांतर पाच वर्षांपुरतं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. दिवाळी अंकाची ई-आवृत्ती अमेरिकेतला मराठी माणूसही विकत घेतो, तेव्हा दोन्ही लिहा. आणि हे हस्तांतर फक्त अंकात किंवा ग्राहकाच्या कामात प्रत्यक्ष वापरलेल्या चित्रांपुरतं ठेवा. मुलीच्या वहीतल्या स्केचवर तुमचा हक्क कशाला? कलम ५७ प्रमाणे आपलं नाव लागण्याचा चित्रकाराचा अधिकार हस्तांतरानंतरही राहतो, श्रेयनामावलीत नाव टाका.

आता सतरा वर्षांची मुलगी. अज्ञानाशी, म्हणजे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीशी, केलेला करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या) १९०३ च्या निकालापासून पक्कं आहे. आईवडिलांची सही घ्या, पण त्या सहीने मुलीवर बंधनं येतात असं समजू नका. माझा सल्ला, अठरा पूर्ण होईपर्यंत तिचं काम प्रसिद्धीत वापरूच नका. तिने सराव करावा, बघावं, शिकावं. विद्यावेतन मात्र इतर दोघांइतकंच.

पार्लेकर_सीए
पैशांचं माझ्याकडून. रोख देऊ नका, खात्यात द्या आणि दर महिन्याची साधी पावती ठेवा. काहीजण स्टायपेंडला स्कॉलरशिप म्हणून करमुक्त समजतात. शिक्षणाचा खर्च भागावा म्हणून दिलेली स्कॉलरशिप वेगळी, कामासोबत दिलेला स्टायपेंड हा उत्पन्नात धरला जातो. विद्यावेतनाच्या अशा छोट्या रकमेवर मुलांना कर भरावा लागणार नाही, पण तुमच्या वहीत तो 'प्रशिक्षणार्थींचं विद्यावेतन' म्हणून स्वतंत्र दिसू दे, किरकोळ खर्चात कोंबू नका.

किती द्यावं, तर मला १९६१ च्या कायद्याखालचा बारावी पासचा दर, २०१९ च्या नियमांप्रमाणे ७,००० रुपये, हा सोयीचा मापदंड वाटतो. तुम्हाला तो बंधनकारक नाही, पण त्याखाली जायचं कारणही दिसत नाही. प्रवासखर्च वेगळा. समजा एकजण विरारहून येणार आणि एक माहीमहून, तर सरसकट रकमेत विरारवाल्यावर अन्याय होतो. पासाची रक्कम पावतीप्रमाणे द्या.

ठाकुर्लीकर
माहीत नसेल तर सांगते, कॉलेजच्या दाखल्यावर रेल्वेचा विद्यार्थी पास सवलतीत मिळतो, पण तो घर ते कॉलेज मार्गाचा. इंटर्नशिपचं ठिकाण दुसऱ्या दिशेला असेल तर पूर्ण भाड्याचा पास काढावा लागतो. तेव्हा 'विद्यार्थी पास आहे ना' असं धरून प्रवासखर्च कापू नका प्लीज.

मुद्रासखी
बसून विचार केला, घरच्यांशी आणि स्टुडिओतल्या सगळ्यांशी बोलले. हंगामासाठी पानाच्या दराने एक ऑपरेटर ठरवला. अंकांची मुदत आमची आणि त्यांची, मुलांची नाही. प्रत्येक इंटर्नला एक फर्मा. पत्राचा मसुदा खाली देते, मराठीतच ठेवला आहे म्हणजे मुलांच्या घरच्यांनाही वाचता येईल. चिरफाड करा.

'प्रिय ..., आमच्या स्टुडिओत १५ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात प्रशिक्षणार्थी म्हणून आपलं स्वागत आहे. वेळ सोमवार ते शुक्रवार दुपारी २ ते ६. सहानंतर थांबण्याची अपेक्षा नाही. कॉलेजची परीक्षा, सबमिशन किंवा तोंडी असेल त्या दिवशी सुट्टी, आदल्या दिवशी कळवणं पुरेसं. परीक्षेआधीच्या पंधरवड्यात प्रशिक्षण बंद राहील.

आपल्या मार्गदर्शक म्हणून स्टुडिओतल्या एका ज्येष्ठ डिझायनरचं नाव सोबत दिलं आहे. काय शिकायचं त्याचा क्रम जोडपत्रात आहे. दर शुक्रवारी अर्धा तास आपण दोघी किंवा दोघे बसून आठवड्याच्या कामाची पाहणी करू आणि नोंदवहीवर सही होईल.

विद्यावेतन महिना ७,००० रुपये, पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आपल्या खात्यात. अपुऱ्या महिन्याचं दिवसांच्या प्रमाणात. हजेरी सोडून दुसऱ्या कोणत्याही निकषावर ते कमी केलं जाणार नाही. प्रवासाचा पास पावतीप्रमाणे वेगळा. ही नोकरी नाही आणि यानंतर नोकरी देण्याचं किंवा घेण्याचं बंधन कोणावर नाही. दोघांपैकी कोणीही सात दिवसांची लेखी सूचना देऊन थांबू शकतं, दंड नाही.

आपलं जे चित्र किंवा पान प्रसिद्ध होईल त्याचा स्वामित्वहक्क, पूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी, त्या त्या कामाच्या स्वतंत्र कागदावर सही करून स्टुडिओला दिला जाईल. श्रेयनामावलीत आपलं नाव येईल. अंक बाजारात आल्यावर ते काम आपल्या पोर्टफोलिओत दाखवायला मोकळीक आहे. न वापरलेलं सगळं काम आपलंच. प्रसिद्ध न झालेली मुखपृष्ठं, ग्राहकांचे दर आणि लेखकांची संपर्क-माहिती बाहेर द्यायची नाही.

संगणक स्टुडिओचे, आणि सॉफ्टवेअर व फाँट स्टुडिओने परवाना घेतलेलेच वापरायचे. कोणतंही मूळ कागदपत्र आम्ही ठेवून घेणार नाही. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि मूल्यमापन हातात मिळेल. मध्येच थांबल्यास झालेल्या काळाचं मिळेल.'

सोबत पॉशची माहिती अर्ध्या पानावर आणि जोडपत्र. हे स्टॅम्प पेपरवर घ्यावं का?

प्राध्यापिका_माटुंगा
हा मसुदा आमच्या विभागाच्या फलकावर लावायची परवानगी द्याल का? शुक्रवारच्या पाहणीची अट मी आजवर एकाही पत्रात वाचली नव्हती. क्रेडिट हवे असणाऱ्या मुलाच्या पत्रात एकूण तास टाका. आठवड्याला २० तास धरले तर १२० तास सहा आठवड्यांत होतात, म्हणजे सुट्ट्या जाऊनही पुरेत.

मुद्रासखी
मॅडम, खुशाल लावा. एकूण तासांची ओळ घालते.

वकील_फोर्ट
छान झालाय. तीन दुरुस्त्या.

स्वामित्वहक्काच्या परिच्छेदात 'दिला जाईल' हे ठीक आहे, पण तो स्वतंत्र कागद प्रत्येक वेळी खरंच करा. पुढे देऊ असं म्हटल्याने हक्क हस्तांतरित होत नाही. त्या कागदावर कामाचं नाव, पान क्रमांक, तारीख. सतरा वर्षांच्या मुलीच्या पत्रातून हा परिच्छेद पूर्ण काढा आणि पालकांच्या सहीची जागा ठेवा.

'सात दिवसांची सूचना' ही तुमच्यासाठी ठेवा. छळ, असुरक्षित जागा किंवा थकलेलं विद्यावेतन असेल तर विद्यार्थ्याला तत्काळ थांबता येईल, असं जोडा.

स्टॅम्पबद्दल: पत्र लेटरहेडवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर 'वाचलं, मान्य आहे' म्हणून मुलांची सही घ्या. स्वामित्वहक्काच्या कागदाला मुद्रांकावर घेणं चांगलं. जे साधे करार आधी शंभरच्या स्टॅम्पवर व्हायचे त्यांना महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून पाचशे लागतात, म्हणून हंगामाच्या शेवटी प्रत्येकाच्या सगळ्या कामांची यादी करून एकच कागद केलात तरी चालेल, फक्त अंक छापायला जाण्याआधी.

पार्लेकर_सीए
अपघाताचं राहिलं. लोकलने येणारी-जाणारी मुलं आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. ज्या बँकेत मुलांचं खातं आहे तिथेच अर्ज होतो, विद्यावेतनासाठी खातं तपासाल तेव्हा हेही करून घ्या.

जुना_खिळा
आणि कटिंग मशीनजवळ पोरांना एकटं सोडू नका, छापखान्यात नेलंत तर.

मुद्रासखी
छापखान्याची भेट जोडपत्रात आहेच, मी स्वतः सोबत असेन. पार्लेकर काका, सुरक्षा विम्याला वयाची अट आहे का? धाकटीसाठी विचारते.

पार्लेकर_सीए
१८ ते ७०. धाकटी ऑक्टोबरपर्यंत बसणार नाही. तिच्या कॉलेजची विद्यार्थी अपघात पॉलिसी आहे का आणि ती कॉलेजबाहेरच्या प्रशिक्षणाला लागू होते का, ते कॉलेजकडून लेखी विचारा. नसेल तर सहा महिन्यांची वैयक्तिक अपघात पॉलिसी कुठली मिळते ते मी उद्या बघून इथेच टाकतो. तोवर तिची सुरुवातीची तारीख पत्रात मोकळी ठेवा.